घरातल्या गुणी माणसाची तब्येत

मागच्या वर्षावासात मुकुंदवाडीच्या बाजूला एका विहारात आम्ही आरोग्याची बैठक घेतली. विषय होता रक्तदाब आणि साखर. बैठक संपली, सतरंज्या गुंडाळून झाल्या, तरी एक ताई दाराशी उभ्याच. धुणीभांड्याची चार घरं करणाऱ्या. म्हणाल्या, "सिस्टर, माझा बीपी बरोबर निघाला, पण मला झोप येत नाही." मग इकडेतिकडे बघून त्यांनी पिशवीतून एक वही काढली. जुन्या ब्लाऊजच्या कापडात गुंडाळलेली. आत गाणी होती, सगळी त्यांनीच लिहिलेली. रात्री ओळ सुचते, सकाळपर्यंत विसरेल म्हणून उठून मोरीतला दिवा लावून लिहितात. घरात कुणालाच माहीत नाही. नवऱ्याला कळलं तर तो चिडेल, मुलांना कळलं तर ती हसतील, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी विचारलं, "हा काही आजार आहे का हो?"

त्या दिवशी आम्ही त्यांना थोडक्यात उत्तर दिलं. पण तो प्रश्न एकट्या त्या ताईंचा नाही. गल्लीगल्लीत अशी माणसं आहेत. कुणी गाणं रचतं, कुणी ढोलकी वाजवतं, कुणी भिंतीवर चित्र काढतं, कुणी मोडकी मशीन उघडून पुन्हा चालू करतं, तर कुणी घरातलं पहिलं एम.ए. करून पुढचं पुस्तक शोधत बसतं. त्यांच्या गुणांवर आपण टाळ्या वाजवतो. त्यांच्या तब्येतीची चौकशी मात्र क्वचितच करतो. म्हणून या महिन्याचं आरोग्य पान त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

वीस वर्षं लपवलेलं पुस्तक

फलटणच्या बेबीताई कांबळे आपल्या सर्वांना माहीत आहेत. जन्म १९२९ चा. शिक्षण चौथीपर्यंत. लहान वयात लग्न, बरीच बाळंतपणं, आणि घर चालवायला एक छोटं दुकान. माल बांधायला आणलेल्या रद्दीच्या कागदांवरचं त्या दुकानात बसून वाचत. वाचता वाचता लिहू लागल्या. पण लिहिलेलं घरात दाखवायची सोय नव्हती. नवरा काय म्हणेल, मुलगा काय म्हणेल, या भीतीने त्यांनी ते कागद वीसेक वर्षं लपवून ठेवले. पुढे १९८२ साली ते लिखाण 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. आज ते विद्यापीठांत शिकवलं जातं, इंग्रजीतही गेलं आहे.

आपण या गोष्टीचा अभिमान बाळगतो, तो बाळगायलाच हवा. पण नर्सच्या नजरेने ही गोष्ट पाहिली की दुसरं काही दिसतं. एक बाई वीस वर्षं रोज दोन कामं करत होती. एक लिहायचं आणि दुसरं ते लपवायचं. लपवायलाही ताकद लागते. कान दाराकडे ठेवावे लागतात, छातीत धडधड होते, झोप अर्धी राहते, आणि आपण काही चोरी करतो आहोत असं सतत वाटत राहतं. बेबीताईंनी ते पेललं. किती बायांनी अर्ध्यावर सोडलं, किती वह्या चुलीत गेल्या, याचा हिशेब कुणीही ठेवलेला नाही.

मुकुंदवाडीच्या ताईंना आम्ही हेच सांगितलं. तुमचं लिहिणं हा आजार नाही. पण लपवून लपवून तुमची झोप गेली आहे, आणि झोप गेली की पुढचे आजार वाट बघत असतात.

गुणी माणूस कसा ओळखायचा?

मार्क जास्त पडले म्हणजेच माणूस गुणी असं नाही. स्टेजवर गेला म्हणजेच कलावंत असंही नाही. आमच्या पाहण्यात काही खुणा येतात. अशा माणसाला इतरांपेक्षा जास्त दिसतं आणि जास्त लागतं. शेजारी भांडण झालं तर भांडणारे रात्री जेवून झोपतात, हा जागा राहतो. मनासारखं काम मिळालं तर त्याला भुकेचं भान राहत नाही. तेच ते काम रोज करायला लावलं तर तो कोमेजतो. प्रश्न फार विचारतो. एका वेळी चार गोष्टींत जीव घालतो, आणि त्यातली एकही पुरी झाली नाही की स्वतःलाच बोल लावतो.

शिकण्याचं वय गेलं म्हणजे गुण गेला, असंही समजू नये. वामनदादा कर्डक १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. त्यांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. त्यानंतर त्यांनी हजारोंनी गाणी लिहिली. वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, २००४ साली ते गेले, तोपर्यंत गावोगावच्या आपल्या घरांनी त्यांना जेवू घातलं, अंथरूण दिलं आणि समोर बसून ऐकलं. त्या अंथरुणाची आणि ऐकण्याची आठवण आम्ही मुद्दाम काढतो आहोत, कारण औषधांच्या आधी या दोन गोष्टी येतात.

वस्तीतल्या गुणी माणसाची चार दुखणी

पहिलं दुखणं एकटेपणाचं. घरातला पहिला शिकलेला मुलगा किंवा मुलगी दोन्हीकडे परकी होते. ऑफिसात किंवा कॉलेजात त्याच्या बोलण्यावरून, आडनावावरून लोक त्याला मोजतात. घरी आल्यावर तो जे वाचतो, ज्याचा विचार करतो, त्यावर बोलायला कुणी नसतं. "लई शहाणा झालास" हे वाक्य दोन्हीकडे ऐकावं लागतं.

दुसरं दुखणं ओझ्याचं. गल्लीत एकच लिहिणारा असेल तर सगळे अर्ज त्याच्याकडे. १४ एप्रिलचा बॅनर त्यानेच करायचा, लग्नपत्रिका त्यानेच लिहायची, नाटकही त्यानेच बसवायचं. पैसे कुणी विचारत नाही, कारण 'समाजाचं काम' आहे. नाही म्हणायची त्याला लाज वाटते. दिवसा वाळूजच्या कंपनीत बारा तास उभं राहायचं आणि रात्री हे सगळं. शरीर एकच आहे, हे सगळेच विसरतात.

तिसरं दुखणं स्वतःच्याच मोजमापाचं. आपल्या मुलांच्या मनात एक भीती असते, की मी चुकलो तर लोक माझी चूक म्हणणार नाहीत, माझ्या समाजाची म्हणतील. म्हणून काम निर्दोष झालं पाहिजे. ते होत नाही, मग ते सुरूच करायचं नाही. बाहेरून हा आळस दिसतो. आत भीती असते.

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्यातली एक मैत्रीण नाईट ड्युटीला जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानावर कविता लिहायची. एकदा ते पान वरच्यांच्या हाती लागलं. त्यांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं आणि म्हणाल्या, "कोट्यातून येऊन आता कवयित्री पण व्हायचंय का?" सगळे हसले. भीतीने आम्हीसुद्धा हसलो. त्यानंतर तिने लिहिलेलं आम्ही कधी पाहिलं नाही. तेव्हाचं ते हसणं आमच्या आजही डोक्यातून जात नाही.

चौथं दुखणं बाटलीचं. गायन पार्टीतल्या माणसाला रात्री दोन वाजता कार्यक्रम संपल्यावर लगेच झोप येत नाही. अंगात अजून ताल असतो. त्यात आयोजक पैशांऐवजी किंवा पैशांबरोबर 'सोय' करतात. सुरुवात थकवा घालवायला होते, पुढे दारूशिवाय आवाज लागत नाही असं वाटायला लागतं. खरं तर दारूने येते ती गुंगी. रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडते, सकाळी उदास वाटतं, आणि ते घालवायला पुन्हा बाटली.

अण्णा भाऊ साठे शाळेत दीड दिवस गेले. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून त्यांनी लिहिलं. 'फकिरा' बाबासाहेबांना अर्पण केली, तिला १९६१ साली राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, त्यांची पुस्तकं रशियापर्यंत पोचली. आणि १८ जुलै १९६९ रोजी, वयाची ४९ वर्षं पुरी होण्याआधी, ते गेले. शेवटची वर्षं ओढगस्तीची, एकटेपणाची आणि व्यसनाची होती. आज त्यांचे पुतळे गावोगाव आहेत. आपल्या घरातल्या गुणी माणसाला पुतळ्याआधी वेळेवर जेवण आणि वेळेवर डॉक्टर मिळाला पाहिजे, एवढंच आम्हाला म्हणायचं आहे.

"बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे"

हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात आहे. प्रेरणा म्हणून ते ठीक. पण अनेक घरांत त्याचा चाबूक झाला आहे. मुलगा चार तास वाचून उठला की हे वाक्य पाठीवर बसतं.

बाबासाहेबांच्या आयुष्यातली दुसरी बाजूही मुलांना सांगा. विद्यार्थीदशेत परदेशात त्यांनी अन्नाला चिमटा घेऊन अभ्यास केला, कारण दुसरा इलाज नव्हता. उत्तरायुष्यात त्यांना मधुमेह होता, मज्जातंतूंच्या दुखण्याने पाय दुखत, झोप लागत नसे. तेव्हा त्यांनी वैद्यकीय उपचार घेतले, पथ्य पाळलं. १५ एप्रिल १९४८ रोजी ज्यांच्याशी त्यांनी विवाह केला त्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या, आणि प्रकृतीची काळजी घेणारं माणूस जवळ हवं, हा विचार त्या विवाहामागे होता. एवढ्या कामातही ते व्हायोलिन शिकत असत. आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभं करणारा हा माणूस शरीराला विसरला नव्हता. ज्याला खूप काम करायचं आहे त्याने दुखणं लपवू नये आणि उपचार टाळू नयेत, हेही त्यांच्याकडूनच शिकायचं.

गुण कुठे संपतो, आजार कुठे सुरू होतो?

"कलावंत जरा वेडाच असतो" असं लोक म्हणतात. हे खरं नाही. स्वीडनमध्ये लाखो लोकांच्या नोंदींचा ४० वर्षांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. कलेच्या आणि संशोधनाच्या व्यवसायातले लोक एकूण पाहता इतरांपेक्षा जास्त मनोरुग्ण आढळले नाहीत. अपवाद एका आजाराचा, ज्यात मन काही काळ फार चढतं आणि काही काळ फार उतरतं. त्याला डॉक्टर बायपोलर म्हणतात. लेखकांमध्ये मात्र उदासी, चिंता, व्यसन असे त्रास जास्त दिसले. म्हणजे गुण हा आजार नाही, पण गुणी माणसाकडे लक्ष ठेवायला हवं.

घरच्यांनी या खुणा लक्षात ठेवाव्यात.

१. एखादी रात्र जागणं वेगळं. पण आठवडाभर दोन-तीन तासच झोप आणि तरी थकवा नाही, बोलणं धडाधड, डोक्यात एकावर एक बेत, पैसे उधळणं, अडवलं की भडकणं, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा.

२. दोन आठवडे किंवा जास्त काळ मन उदास, आवडतं कामही नको वाटणं, भूक आणि झोप बिघडणं, "माझा काही उपयोग नाही" असं बोलणं. हा आळस नाही. याला डिप्रेशन म्हणतात आणि ते उपचारांनी बरं होतं.

३. कुणी नसताना आवाज ऐकू येणं, सगळे माझ्या वाईटावर आहेत अशी खात्री वाटणं.

४. मरणाविषयी बोलणं, निरवानिरव करणं, जवळच्या वस्तू किंवा वह्या वाटून टाकणं. अशा वेळी माणसाला एकटं सोडू नका.

चौथ्या खुणेविषयी थोडं अधिक. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा जण गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आपलं आयुष्य संपवलं. एका माणसाच्या मनात काय काय चाललं होतं ते बाहेरून ठरवू नये, आणि त्या घटनेतला अन्यायही विसरू नये. आपल्यापुरता धडा असा की समाजावर घाव पडतो तेव्हा जो त्यावर गाणं रचतो, तो घाव त्याला जास्त खोल लागलेला असू शकतो. अशा दिवसांत आपण त्याला फक्त "नवीन गाणं कधी?" असं विचारू नये. "जेवलास का, झोपलास का, आज माझ्याकडे ये" असं म्हणावं.

गोळीने कला मरते का?

हा प्रश्न हमखास येतो. काही गोळ्यांनी सुरुवातीला सुस्ती येते. काहींनी, उदाहरणार्थ लिथियमने, हाताला कंप येऊ शकतो. ढोलकी किंवा पेटी वाजवणाऱ्याला, चित्र काढणाऱ्याला याची भीती वाटणं साहजिक आहे. म्हणून डॉक्टरांना आपण काय करतो ते आधीच सांगा. डोस कमी-जास्त करता येतो, गोळी बदलता येते, वेळ बदलता येते. लिथियम चालू असेल तर सांगितलेल्या वेळी रक्त तपासावंच लागतं. स्वतःहून गोळी बंद करू नका. गोळीपेक्षा आजाराने थांबलेली पेटी आम्ही जास्त पाहिल्या आहेत. आणि बाबा, भगत, गंडेदोरे यांच्याकडे जाऊन महिने घालवू नका.

वीणेच्या तारा

भगवंतांच्या संघात सोण नावाचा भिक्खू होता. सुखात वाढलेला. साधनेत त्याने इतका जोर लावला की चालून चालून तळपाय फुटले. तरी मन लागेना. घरी परत जावं असा विचार त्याच्या मनात आला. तो पूर्वी वीणा चांगली वाजवायचा, हे जाणून भगवंतांनी त्याला वीणेबद्दलच विचारलं. तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? फार सैल सोडल्या तर वाजते का? दोन्हीला सोण नाही म्हणाला. मग प्रयत्नांचंही तसंच आहे, हे त्याला उमगलं.

कलावंताला त्याच्या वाद्याच्या भाषेत समजावणारा हा उपदेश आम्हाला फार मोलाचा वाटतो. भगवंतांनी सोणाला वीणा विसर म्हटलं नाही. त्याला आळशीही म्हटलं नाही. आधी त्याला काय येतं ते ओळखलं आणि तिथूनच सुरुवात केली.

घरात काय करावं?

एक कोपरा द्या. दहा बाय दहाच्या खोलीतही एक खिळा, एक पिशवी, एक डबा असा ठरवता येतो, की त्याला दुसरं कुणी हात लावणार नाही.

एक तास द्या. तो दिवसाचा असावा. बाईला तर मुद्दाम द्यावा. त्या तासात पाणी भरणं, भाजी निवडणं दुसऱ्याने करावं.

एक ऐकणारं माणूस द्या. समजलं नाही तरी ऐकावं. पहिल्याच वेळी चुका काढू नयेत.

झोप मोडू देऊ नका. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठवू नका. रात्री ओळ सुचली तर उशाशी वही आणि पेन्सिल ठेवा, दोन शब्द लिहून पुन्हा आडवं व्हा.

कामाचा मोबदला द्या. मंडळांनी बिदागी रोख द्यावी, जेवण द्यावं, घरी पोचवावं. बाटली देऊ नये. पंचशीलातलं पाचवं शील स्टेजच्या मागेही लागू आहे.

गाणाऱ्यांनी कार्यक्रमाच्या दिवशी पाणी भरपूर प्यावं. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.

आणि गुणी माणसाने स्वतःसाठी "या वेळी जमणार नाही" हे वाक्य शिकावं. तसं म्हटल्याने समाजद्रोह होत नाही.

सोबतीही शोधा. आपल्याच शहरात, नागसेनवनात, प्रा. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' अनेक वर्षं चालवलं. पहिल्या पिढीच्या कितीतरी लिहिणाऱ्यांना तिथे छापणारं आणि वाचणारं माणूस मिळालं. लेखक-वाचक मेळाव्यांत ते एकमेकांना भेटले. आपल्यासारखं दुसरंही कुणी आहे हे कळलं की निम्मं दुखणं हलकं होतं. विहारात महिन्यातून एकदा असं बसायला पैसा लागत नाही.

मदत कुठे मिळेल?

घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढून ओपीडीत दाखवता येतं. आपल्या भागातल्या आशाताईंना विचारलं तर त्याही सोबत येतात. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची 'टेली मानस' सेवा आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, तेव्हा नोकरीवर कळेल, लग्न मोडेल या भीतीने थांबू नका.

मुकुंदवाडीच्या त्या ताईंचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. नवऱ्याला त्यांनी अजून सांगितलेलं नाही. मुलीला सांगितलं. मुलगी हसली नाही. तिने वहीला नवं कव्हर घातलं आणि आता ती वही तिच्या शाळेच्या दप्तराशेजारी उघड्यावर असते. ताई रात्री मोरीत लिहायला उठत नाहीत. शनिवारी दुपारी विहारात अर्धा तास बसतात. झोप अजून पूर्ण आलेली नाही, पण पाच तासांपर्यंत आली आहे.

तुमच्या घरातही एखादी वही कुठेतरी कापडात गुंडाळलेली असेल. शोधू नका, उघडू नका. फक्त आज जेवताना एवढं म्हणा, "तुला काही वाचून दाखवायचं असेल तर मला ऐकायला आवडेल."

जय भीम.